‘मागील’ म्हणजे केव्हांपासून?

छत्रपती संभाजीनगरांतील गारखेडा घ्या, वा शहराचा दुसरा कोणताहि भाग घ्या. नळास पाणी कोणत्या दिवशीं येणार, हा प्रश्न घरोघरीं महत्त्वाचा असतो. या शहरास पाणी येतें तें पैठणच्या जायकवाडी धरणांतून. गोदावरीवरील हें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याच्या नाथसागर नामक जलाशयांत सुमारें २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाणी मावतें. तो किती भरला, हें आज आकड्यांवरून व आलेखांवरून पाहिलें जातें.

असे आलेख काढणारीं संगणकीय साधनें आतां पुष्कळ कचेऱ्यांतून वापरांत आहेत. मायक्रोसॉफ्टचें ‘पॉवर बीआय’ हें त्यांपैकीं एक. त्यांत तारखांची एक चाळण असते. ‘मागील ७ दिवस’ किंवा ‘मागील ३० दिवस’ असें एकदां सांगून ठेवलें, कीं तारखा रोज बदलाव्या लागत नाहींत. जुना दिवस आपोआप गळतो आणि नवा आंत येतो. सोय मोठी खरी. परंतु ‘मागील’ हा शब्द सापेक्ष आहे. म्हणून श्रोत्यांनीं असा आलेख पाहतांना तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न, मोजणी कोठून? यंत्र आजपासून मागें मोजतें, शेवटच्या नोंदीपासून नव्हे. चार दिवस नोंदी आल्या नाहींत, तर सात दिवसांच्या आलेखांत तीनच दिवस उरतात, आणि धरणांत आलेल्या पाण्याची बेरीज विनाकारण रोडावते. शिवाय ‘पॉवर बीआय’चा ‘आज’ जागतिक प्रमाणवेळेवर चालतो. भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटें पुढें आहे. म्हणून पहाटे साडेपांचापूर्वीं आलेख उघडणाऱ्यास यंत्राचा ‘आज’ हा कालचाच दिवस असतो.

दुसरा प्रश्न, चालू दिवस धरला आहे काय? सकाळीं दहा वाजतां पाहिलें, तर आजच्या स्तंभांत फार तर दहा तासांचें पाणी असणार. तो ठेंगणा स्तंभ पाहून आवक आटली असें म्हणणें, म्हणजे अर्धें ताट वाढलें असतां स्वयंपाक संपला म्हणण्यासारखें आहे. चालू दिवस वगळण्याची सोय त्या चाळणींतच असते. महिन्याचेंहि तसेंच. १० मार्च २०२५ रोजीं ‘मागील एक महिना’ म्हणजे ११ फेब्रुवारी ते १० मार्च. दिनदर्शिकेप्रमाणें मागील महिना म्हणजे सबंध फेब्रुवारी. दोहोंची बेरीज एक येईलच असें नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. तुलना कशाशीं? जलाशय पावसाळ्यांत भरतो व उन्हाळ्यांत उतरतो, हा त्याचा क्रम. एप्रिलांतील तीस दिवसांची रेषा खालीं जाते. तेवढ्यावरून टंचाई सिद्ध होत नाहीं. ऑगस्टांत ती बहुधा वर चढते. तेवढ्यावरून सुबत्ताहि सिद्ध होत नाहीं. गतवर्षींच्या त्याच तीस दिवसांची रेषा शेजारीं काढली, म्हणजे त्या चढउतारास अर्थ येतो.

पाणी साठवून ठेवावें कीं टँकरची तजवीज करावी, हें ठरवितांना अशा आलेखाचा आधार घ्यावयाचा असतो. म्हणून त्याच्या माथ्यावर पहिली तारीख, शेवटची तारीख आणि शेवटच्या नोंदीची वेळ, या तीन गोष्टी असाव्या. त्या नसतील, तर पाहणाऱ्यानें त्या मागून घ्याव्या आणि मगच निष्कर्ष काढावा.