टेकडीवरून दिसते ते कोणाचे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाची वेचणी चालू आहे, ज्वारी पोटरीत आली आहे, आणि अशा दिवसांत घरची कामे टाकून तुम्ही आलात. कापसाच्या भावाचा विषय आज व्हायचाच आहे. त्याआधी आम्हाला एका टेकडीविषयी बोलायचे आहे. हसू नका. टेकडीचा आणि भावाचा संबंध आहे, तो शेवटी सांगतो.

गेल्या महिन्यात आम्ही चौघे कामासाठी पुण्याला गेलो होतो. मुक्काम वारज्याला केला, कारण आपल्या गावची दोन पोरे तिथे खोली करून राहतात. पहाटे पाचला जाग येणे ही आपली जुनी खोड. पोरे म्हणाली, "काका, झोप येत नसेल तर टेकडीवर जाऊन या." आम्ही गेलो. वाटेत पाहतो तर बायामाणसे, म्हातारे, तरुण, सगळे पांढरे बूट घालून वर चाललेले. त्यातल्या कुणाचे गुरू वर चरत नव्हते की कुणाची मोळी वर पडलेली नव्हती. नुसते चढायचे, वरून पाहायचे आणि उतरायचे.

आम्हीही वर उभे राहून पाहिले. नैर्ऋत्येला सिंहगड. पश्चिमेला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीकडचे हिरवे डोंगर. खाली मुठा नदी, मुंबई–बंगळूर महामार्ग, आणि बाकी सगळी घरेच घरे. वारजे हे एक गाव होते. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर ते पुणे महापालिकेत आले. जिथे आज इमारती आहेत तिथे नांगर चालत होता, हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

पायाखालचा दगड मात्र ओळखीचा निघाला. तोच काळा पाषाण, त्यावर वीतभर मुरूम. आपल्या बरड रानात आहे तसाच. याच टेकडीवर वन खात्याची १६.८ हेक्टर जमीन उजाड पडली होती. २०१५ पासून वन खाते, संस्था आणि नागरिक यांनी मिळून तिथे झाडे लावली आणि जगवली. पाच वर्षांनी सरकारी मोजदादीत तिथे झाडांच्या २३ आणि पक्ष्यांच्या २९ जाती नोंदल्या गेल्या. ५ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशात २०० नगरवने करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा याच टेकडीचा दाखला दिला. चांगले काम आहे. बरड रानात झाड जगवायला काय लागते ते आपल्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? आम्ही मनापासून शाबासकी दिली.

पण ती जमीन सरकारची होती. आता दुसरी गोष्ट ऐका. १९९७ ला महापालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर खाजगी मालकीच्याही जमिनी आहेत. शहराला हवा हवी, पाणी मुरायला जागा हवी, म्हणून सुमारे ९७५ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण टाकले गेले. टेकड्या राखल्या पाहिजेत यात वाद नाही. त्या फोडून इमारती उठवल्या तर शहर बुडेल. प्रश्न एवढाच की राखायच्या कुणाच्या खर्चाने? २०१५ साली सरकारने ठरवलेला मोबदला होता आठ टक्के टीडीआर. म्हणजे शंभर फूट जमिनीमागे आठ फूट बांधकामाचा हक्क, तोही दुसरीकडे वापरायचा. खालच्या सपाटीवरच्या मालकाला इमारतीचा भाव, आणि वरच्या उतारावरच्या मालकाला आठ टक्के. देखावा मात्र सगळ्यांना फुकट.

तुम्ही म्हणाल, देखाव्याचे कधी पैसे होतात का? होतात. खोलीवरच्या एका पोराने जर्मनीतल्या एका मुलखाची माहिती वाचून दाखवली. आम्ही तिथे गेलेलो नाही, जाण्याची ऐपतही नाही. पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

जर्मनीच्या दक्षिणेला स्टुटगार्ट शहराच्या वायव्येस श्ट्रोमबर्ग–हॉयशेलबर्ग नावाचा निसर्ग उद्यानाचा टापू आहे. १९८० साली तो स्थापन झाला. तिथली सर्वात उंच टेकडी ४७७ मीटर. आपले पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे त्यांचे शिखर आपल्या पेठांच्याही खाली! तरी लोक दुरून ती माथी चढायला आणि वरून पाहायला येतात. वरून दिसते काय? माथ्यावर जंगल आणि उन्हाच्या अंगाच्या उतारावर द्राक्षाचे मळे. म्हणजे शेती दिसते. तिथे निसर्ग उद्यान झाले म्हणून शेतकऱ्याला हाकलला नाही. कारण त्याने हात काढला तर दोन-चार वर्षांत उतारावर झुडपे माजतील आणि पाहण्यासारखे काही उरणार नाही, हे तिथल्या लोकांना कळते. उभ्या उतारावर हाताने काम करावे लागते, म्हणून अशा मळ्यांना राज्य सरकार मदतही करते.

आणि मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. तिथला द्राक्ष बागाईतदार दारावर केरसुणी टांगतो. केरसुणी दिसली की समजायचे, या घरी आज वाईन आणि साधे जेवण मिळेल. वर्षातले चार महिने, चाळीस माणसे बसतील एवढ्या जागेत, स्वतःच्या मळ्यातली वाईन विकायला त्याला हॉटेलचा परवाना लागत नाही, नुसते कळवावे लागते. टेकडी पाहून उतरलेला माणूस त्याच्या ओसरीवर बसतो आणि पैसे त्याच्या हातात देतो. मधे कुणी नाही.

आपल्याकडे काय? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किराणा मॉलमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. तेवढ्यावरच केवढा गहजब झाला आणि निर्णय अडकून पडला. आणि शेतकऱ्याच्या ओसरीचा तर विचारही त्यात नव्हता. मॉलचा होता.

आम्ही काही तुम्हाला वाईन काढायला सांगत नाही. आपल्या रानात द्राक्षे नाहीत, ज्वारी आहे. पण त्याच पुण्याहून माणसे गाड्या भरभरून हुरडा खायला बाहेर पडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आगटी, गोवऱ्यांचा विस्तव, कोवळी कणसे, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. माणशी पैसे मोजून हे खातात. सिंहगडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खाल्ल्याशिवाय पुणेकराची चढण पुरी होत नाही. तीच ज्वारी पोत्यात भरून बाजारात नेली की अडत्या तोंड वाकडे करतो. ज्वारी बदलली नाही. बदलले ते एवढेच की विकणारा आपल्या बांधावर बसलाय आणि घेणारा त्याच्याकडे चालत आलाय.

आता खरा हिशेबही सांगितला पाहिजे, नाहीतर आम्हीही पुढाऱ्यांसारखे स्वप्ने विकणारे ठरू. हुरड्याचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. गाव रस्त्याला नसेल तर कुणी येत नाही. संडास, प्यायचे पाणी, सावली, हे करावे लागते आणि त्याला भांडवल लागते. गावातल्या पाच घरांचे भागेल, पन्नासांचे नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले, म्हणून कुणाचे कर्ज फिटले नाही. आणि हुरड्याने कापसाचा भाव वाढत नाही. तो लढा आहे तिथेच आहे.

मग टेकडीची गोष्ट कशाला सांगितली? एवढ्याचसाठी, की बालाघाटाच्या, अजिंठ्याच्या, गाविलगडच्या डोंगरांकडे शहराची नजर कधी ना कधी वळणार आहे. कुणी आरक्षण घेऊन येईल, कुणी रिसॉर्टचा नकाशा घेऊन येईल. त्या दिवशी आपण अंगठा द्यायला पुढे व्हायचे की दोन प्रश्न विचारायचे? पहिला प्रश्न: हा डोंगर सगळ्यांसाठी राखायचा असेल तर राखणीचा दाम कोण देणार? आणि दुसरा: माझ्या उतारावर पिकलेले मी माझ्या दारात, माझ्या भावाने, कुणाला न विचारता विकू शकतो की नाही?

वारज्याच्या टेकडीवरून उतरताना आमच्यातला एक जण म्हणाला, "इथे उभे राहून यांना आपली शेते दिसत नाहीत." आमचे म्हणणे वेगळे पडले. शेते त्यांना दिसतात, आवडतातही. त्यांच्या मागे शेतकरी आहे, तो दिसत नाही. तो दिसावा यासाठी केरसुणी आपणच आपल्या दारावर टांगली पाहिजे.

आता कापसाच्या भावाकडे वळू.