नादारीचा अर्ज
(रावेत येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माझा उद्योग'. मी म्हटलं, उद्योग आता नाही. तो बंद झाल्यावर काय झालं आणि राहायला घर कसं मिळालं, यावर बोललो तर चालेल का? दोन दिवस फोन आला नाही. मग आला. 'बोल, पण जेवणाआधी नको.' म्हणून मला चहाआधीची ही वेळ मिळाली आहे.

हे बोलायला मी मुद्दाम मागून घेतलं. आपल्यातले निम्मे लोक भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात पोट भरतात. कुणाचा स्वतःचा गाळा आहे, कुणी दुसऱ्याच्या गाळ्याला माल देतं, कुणी जामीन राहिलेलं आहे. गेल्या दोन वर्षांत तिघांचे फोन मला रात्री अकरानंतर आले. तिघांनीही पहिलं वाक्य एकच म्हटलं, 'घरात कुणाला सांगितलेलं नाही.'

माझी हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती वेगळी नाही. तळवड्याला भाड्याची शेड, दोन व्हीएमसी, एक सीएनसी लेथ, नऊ माणसं. काम सगळं गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. २०१९ मध्ये गाड्यांची विक्री घसरली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ येणार म्हणून जुन्या भागांच्या ऑर्डरी आधीच आटल्या होत्या, आणि नवे सुरू होण्याआधी २५ मार्चला देशाला कुलूप लागलं. हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत मिळाली, व्याज मात्र चालूच राहिलं. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. पण तो कायदा दाखवून पुढची ऑर्डर कोण मागेल? मी वर्षभर ओढलं. मग तीन हप्ते थकले आणि ९० दिवसांनी खातं थकीत झालं.

कर्जाला तारण होती मशीनं आणि रावेतचा आमचा फ्लॅट. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली, मग ताबा घेतल्याची. ही ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणजे आपलं नाव, बापाचं नाव, फ्लॅट नंबर आणि थकलेली रक्कम शेजाऱ्याच्या चहाबरोबर त्याच्या हातात. जुन्या काळी दिवाळं निघालं की व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा आणि दिवाळं हा शब्द त्यावरून आला, असं म्हणतात. आमचा दिवा पान सातवर लागला.

फ्लॅट गेला, मशीनं गेली. तरी बँकेचं थोडं उरलं, शिवाय स्टीलवाला, टूलवाला, दोन फायनान्स कंपन्या आणि हातउसने. आता इथे लोकांचा मोठा गोंधळ असतो, म्हणून जरा सावकाश सांगतो. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. तो कंपन्यांना लागू झाला. माणसांसाठी त्यात जो भाग आहे, तो डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू आहे. माझ्यासारखा, स्वतःच्या नावावर धंदा करणारा, अजून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यातच बसतो. अर्ज करायला किती कर्ज हवं? पाचशे रुपये. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आहे. माझी पात्रता त्याहून बरीच जास्त होती.

नादारी हा शब्द सरांच्या पिढीला वेगळ्या अर्थाने माहीत आहे. फी भरण्याची ऐपत नाही म्हणून माफी मागायची, ती नादारी. पूर्ण नादारी, अर्धी नादारी. माझ्या वडिलांनी शाळेत असा अर्ज केला होता आणि हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात उभं करून घरात किती माणसं, गाय आहे का, असं विचारलं होतं, हे ते सांगायचे. मी पन्नाशीला आल्यावर शिवाजीनगरच्या कोर्टात तोच अर्ज केला. प्रश्नही फार वेगळे नव्हते.

त्या प्रश्नांविषयी सांगतो. कायद्यातच लिहिलंय की सुनावणीला कर्जदार हजर असेल तर कोर्टाने त्याची वागणूक, व्यवहार आणि मालमत्ता याबद्दल चौकशी करायची, तीही हजर असलेल्या घेणेकऱ्यांसमोर, आणि घेणेकऱ्यांनाही प्रश्न विचारायचा हक्क आहे. म्हणजे ज्यांचे फोन तुम्ही उचलत नव्हता, ते सगळे एका खोलीत. मला आधी पंधरा दिवस झोप नव्हती. बायकोने एक उपाय काढला. रोज रात्री जेवण झालं की ती माझी तोंडी परीक्षा घ्यायची. 'लेथ कुणाला विकला? किती आले? ते कुठे गेले? २०२१ च्या दिवाळीत मुलीला सायकल घेतली, ती कशातून?' ती निर्दय परीक्षक आहे. कोर्टात त्याच्या निम्मेही प्रश्न आले नाहीत.

तिथे मला उपयोगी पडली ती आपल्या भूमितीच्या बाईंची शिस्त. बाई म्हणायच्या, उत्तर बरोबर असेल, पण पायऱ्या नसतील तर गुण नाहीत. मी तीन वर्षांचे सगळे व्यवहार तारखेप्रमाणे एका वहीत उतरवले होते. शेजारी बँकेच्या पासबुकाचं पान, बिलाचा नंबर. घेणेकऱ्यांची यादी, मला येणं असलेल्यांची यादी, मालमत्तेची यादी. स्टीलवाल्याच्या माणसाने आवाज चढवून विचारलं, 'मार्चमध्ये दोन लाख चाळीस हजार काढले, ते कुठे?' मी पान उघडलं. कामगारांचा पगार, नऊ सह्या. तो खाली बसला. मला तो शत्रू वाटला नाही, त्यालाही वर कुणीतरी विचारणारा होता. विचारलं तेवढंच सांगायचं, आणि आठवत नसेल तर कागद बघून सांगतो म्हणायचं. परिस्थितीचं रडगाणं लावायचं नाही, ते कुणी विचारलेलं नसतं. हिशोबाच्या वह्या आधीची तीन वर्षं नीट ठेवलेल्या नसल्या तर पुढे कर्जमुक्तीलाच अडचण येते. म्हणून ज्यांचा गाळा आज उत्तम चालला आहे त्यांनाही सांगतो, वही लिहा.

एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणार नाही. घेणेकऱ्यांच्या यादीत सगळे लिहावे लागतात. बँक लिहिली आणि मित्र गाळला, असं चालत नाही. माझ्या यादीत आपल्याच वर्गातला एक जण आहे. २०२१ साली कामगारांच्या पगारासाठी त्याने तीन लाख दिले, कागद न करता. अर्जाच्या आधी तो म्हणाला होता, 'बाकीच्यांचं कोर्ट बघेल, माझे तेवढे गुपचूप दे.' त्याचं म्हणणं मला कळत होतं, त्याच्याही घरी लग्न होतं. पण अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाला झुकतं माप देऊन पैसे दिले, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. त्याच्याकडून परत मागितले गेले असते आणि माझ्या अर्जाला डाग लागला असता. मी दिले नाहीत. त्याच्या घरी कोर्टाची नोटीस गेली, ती त्याच्या आईच्या हातात पडली. दीड वर्ष आम्ही बोललो नाही.

कोर्ट काय नेऊ शकत नाही, तेही माहीत असू द्या. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, प्रॉव्हिडंट फंड. आम्ही फ्लॅट सोडला तेव्हा छोट्या टेम्पोत जे मावलं ते साधारण या यादीएवढंच होतं. माझा मायक्रोमीटर आणि व्हर्निअर मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

आता घर. मुलगी दहावीला, बायकोची नोकरी आकुर्डीला, त्यामुळे रावेत सोडणं शक्य नव्हतं. आपण शाळेत होतो तेव्हा रावेत म्हणजे पवनेच्या काठची शेतं. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आलं, आता मुकाई चौकात उभं राहिलं तर टॉवर मोजता येत नाहीत. इतके फ्लॅट रिकामे, म्हटलं एक मिळेल. सात ठिकाणी नाही म्हणाले.

कोर्टातल्या प्रश्नांना हद्द होती. समोर कायदा होता, न्यायाधीश होते, आणि प्रश्न संपला की दुसऱ्याचा पुकारा व्हायचा. घरमालकाच्या प्रश्नांना हद्द नाही. एजंटने आधी विचारलं काय करता, मग पगाराची स्लिप, मग सिबिल. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मोबाईलवर माझं नाव टाकलं आणि ती ताब्याची नोटीस माझ्यासमोर धरली. 'हे तुम्हीच का?' बायको शेजारी उभी होती. मी हो म्हटलं. त्यांनी पाणी मात्र विचारलं, तेवढी माणुसकी होती.

आठव्या ठिकाणी आम्ही पद्धत बदलली. एजंटला फोनवरच सगळं सांगितलं, म्हणजे तोंडावर नकार नको. करार बायकोच्या नावाने, कारण पगार तिचा. तिची सहा महिन्यांची पगाराची पानं, आणि जुन्या सोसायटीचं अकरा वर्षांचं मेंटेनन्स भरल्याच्या पावत्या. ही दुसरी गोष्ट कुणी मागत नाही, पण भाडेकरू वेळेवर पैसे देतो का, हे त्याच सांगतात. आमचं खातं बुडालं त्या वर्षातही मेंटेनन्स एकदाही थकला नव्हता, बायकोच्या पगारातून जायचा.

घर मिळालं ते टॉवरमध्ये नाही, गावठाणात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. मालकीणबाई सत्तरीच्या. सगळे कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावलाच नाही. म्हणाल्या, 'कोर्टाचा माणूस इथं येऊन माझ्या घराला टाळं लावंल का?' मी म्हटलं, नाही, घर तुमचं, माझ्या कर्जाशी त्याचा संबंध नाही. 'मग मोटर रात्री दहानंतर लावायची नाही.' एवढीच अट.

करार ११ महिन्यांचा केला तरी नोंदणी करून घ्या, महाराष्ट्रात ती सक्तीचीच आहे. पत्ता बदलायला, गॅसला, कोर्टाला कळवायला तोच कागद लागतो. भाडं बँकेतून द्या, त्याचीच पुढे पत तयार होते. आणि नादार ठरलेल्यांनी ध्यानात ठेवायचं, मुक्तता होईपर्यंत पन्नास रुपये किंवा जास्त उधार घ्यायचं असेल तर आपण नादार आहोत हे समोरच्याला आधी सांगावं लागतं. नाहीतर गुन्हा. पन्नास रुपये! म्हणून भाडं आम्ही एक तारखेला आगाऊ देतो, आणि वाण्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. तो म्हणाला, 'काका, तुमच्याआधी तिघांनी वही बुडवली, सांगून कुणीच नाही.' नादार माणसाला नगरसेवकपदाची निवडणूकही लढवता येत नाही. तो मोह मला कधी झाला नव्हता, त्यामुळे ते नुकसान सोसलं.

आता मी चाकणला एका टूलरूममध्ये तपासणी विभागात नोकरी करतो. मुलगी डिप्लोमाला आहे. मुक्ततेचा अर्ज दाखल झाला आहे. मालमत्ता रुपयाला आठ आणेही भरली नाही, तर त्याला आपण जबाबदार नव्हतो हे कोर्टाला पटवावं लागतं. कायदा १९२० चा, म्हणून हिशोब आण्यांचा. मंदीची आणि टाळेबंदीची कागदपत्रं जोडली आहेत. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि सगळ्या घेणेकऱ्यांना नोटीस जाते.

तो वर्गमित्र आज सभागृहात आहे. सकाळी नाश्त्याला तो स्वतःहून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, नोटीस मिळाली, या वेळी आईच्या हातात पडू दिली नाही. तारखेला येणार आहे, आणि एक प्रश्न विचारणार आहे. काय विचारणार ते सांगितलं नाही. मी त्याला फक्त कोर्टाचा मजला सांगितला, कारण तिथली लिफ्ट बऱ्याचदा बंद असते.