तेरची यात्रा आणि ऐरणीपुढील एक दिवस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी मंडळाने काढलेल्या तेरच्या सहलीविषयी मी येथे बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. सहलीची नुसती हकीकत सांगावयाची तर ती फार लांबणार नाही. आपण गेलो, गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घेतले, प्राचीन वस्तूंचा संग्रह पाहिला, पंगत झाली आणि परतलो. परंतु या सहलीत एक गोष्ट नवी होती. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली, त्यांच्या माता आणि काही पेढीवाले गृहस्थ असे सर्वजण एक संपूर्ण दिवस एका वृद्ध कारागिरापुढे मांडी घालून बसले आणि प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चांदीची एक अंगठी घडविली. त्या एका दिवसापासून आपल्या समाजाने काय घ्यावे, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

याकरिता तेरच का निवडले, असे काहींनी त्या वेळी विचारले होते. तेर हे आज तेरणाकाठचे एक शांत गाव आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी हे तगर नावाचे मोठे व्यापारी नगर होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे की, भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर लागते. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे. हे तगर नेमके कोणते, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच होय असे साधार दाखविले. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत, म्हणजे दूर कोकणात राज्य करीत असतानाही या गावाचे नाव बिरुदात मिरविण्यात त्यांना भूषण वाटे.

गावातील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीच्या टेकाडांवरून आणि नदीकाठाहून मिळालेल्या वस्तू हौसेने व चिकाटीने जमविल्या. त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे आहे. त्यात मातीच्या मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या आणि तऱ्हेतऱ्हेच्या खड्यांचे व काचेचे मणी पाहावयास मिळतात. तेथील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीची कीर्ती तर परदेशीही पोहोचली आहे. तिच्याशी साम्य असलेली एक मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार गेलेली होती. तिच्या अंगावर वस्त्र नाही म्हटले तरी चालेल, परंतु गळ्यात ठसठशीत हार, कमरेस मेखला आणि हातापायांत ओळीने कडी मात्र आहेत. आपल्या देशातील अलंकारांची आवड किती जुनी आहे, हे सांगण्यास याहून निराळा पुरावा नको.

संग्रहालयातील मण्यांपुढे आमची मुले प्रथम दोन मिनिटेही थांबली नाहीत. लाल मणी, पांढरा मणी, झाले. तेव्हा बरोबर आलेल्या कारागिरांनी त्यांना मागे बोलाविले आणि विचारले, "या मण्याला भोक कोणी पाडले असेल? आणि कशाने?" अकीक लोखंडाहून कठीण. तो दगड आधी भाजावयाचा, म्हणजे त्याचा लाल रंग खुलतो. मग ठोके देऊन त्याच्या कपच्या उडवावयाच्या, घासून तो गोल करावयाचा आणि मग दोन्ही बाजूंनी हळूहळू वेध घेत मध्यावर भोक जुळवावयाचे. खंबायतेस हे काम आजही चालते. हे ऐकल्यावर मुले पुन्हा त्या काचेपाशी गेली आणि या खेपेस बराच वेळ तेथून हलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची शाळा भरली. गुरुजी पंचाहत्तरीच्या घरातले. सगळे आयुष्य त्यांनी ऐरणीपुढे घालविलेले. त्यांनी आपली हत्यारे फडक्यावर मांडली आणि एकेकाचे नाव सांगितले: ऐरण, हातोडी, सांडशी, चिमटा, कानस, मूस, बागेसरी, फुंकणी, जंत्री. हत्यारांची नावे ठाऊक असलेले मूल आमच्यात एकही नव्हते. सोनाराच्या घरांतील मुलांना बागेसरी म्हणजे काय हे विचारावे लागावे, यावर अधिक भाष्य करण्याचे मला कारण दिसत नाही.

प्रत्येकास अर्धा तोळा चांदी दिली होती. ती मुशीत घालून बागेसरीतील निखाऱ्यांवर ठेवली, चिमूटभर सवागी टाकली आणि फुंकणीने जाळ धरला. चांदी वितळण्यास नऊशे साठ अंशांवर उष्णता लागते. ती प्रथम तांबूस होते, मग घाम सुटल्यासारखी ओलसर दिसते आणि एकाएकी आरशासारखा थेंब होऊन मुशीत डोलू लागते. त्या क्षणी मुलांच्या तोंडून एकच उद्गार निघाला. तो थेंब तेल लावलेल्या साच्यात ओतून कांब केली आणि ऐरणीवर ठोकण्यास आरंभ झाला.

आता चांदीचा धर्म असा की ठोकता ठोकता ती कडक होत जाते. तशीच ठोकीत राहिले तर तडकते. म्हणून मध्येच तिला ताव द्यावा लागतो, म्हणजे लालसर होईपर्यंत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. बारा वर्षांची एक मुलगी कांब ठोकीत होती. तिने विचारले, "आजोबा, आणखी किती ठोके देऊ?"

आजोबा म्हणाले, "ठोके मोजू नकोस, बाळ. आवाज ऐक. चांदी मऊ असते तेव्हा बोद बोलते, कडक झाली की खणखणते. खणखणली की थांब आणि ताव दे."

त्या मुलीने मान तिरकी करून दहा-बारा ठोके दिले आणि आपणहून थांबली. आजोबांनी कांब हातात घेऊन पाहिली व नुसती मान डोलाविली.

सभ्य स्त्री-पुरुषहो, ज्या गावी हे घडले त्याच गावी गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने थापटून पाहिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. थापटण्याचा ठोका बसताच ज्यांनी हूं की चूं केले नाही ते पक्के, आणि नामदेवरायांनी कुरकुर केली म्हणून त्यांचे मडके कच्चे ठरले. कुंभाराला मडक्याची परीक्षा ठोका देऊन करावयाची असते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते आणि तेच ज्ञान त्यांनी परमार्थात वापरले. गोरोबाकाकांनी शके १२३९ मध्ये, म्हणजे १३१७ साली, देह ठेवला असे परंपरा सांगते. आज सातशे वर्षांनंतरही ठोक्याची ती विद्या त्याच गावी एका मुलीच्या कानाला कळली, याचे मला मोठे अप्रूप वाटले.

आपल्या नरहरी महाराजांच्या कथेतही हाताचाच महिमा आहे. पंढरपुरात राहून विठ्ठलाचे मुख पाहावयाचे नाही, असा त्या शिवभक्ताचा निश्चय. विठ्ठलाच्या कमरेचा करगोटा घडविण्याचे काम आले तेव्हा माप घेण्यासाठी ते डोळे बांधून राउळात गेले. बोटांना शंकर लागला, डोळे उघडले तो विठ्ठल दिसला. पुन्हा डोळे बांधले, पुन्हा शंकर. अखेर हात जे सांगतो आणि डोळा जे सांगतो ते एकच, हे त्यांना उमगले. या कथेचा अर्थ कीर्तनकार हरिहरांच्या ऐक्याकडे लावतात आणि तो यथार्थच आहे. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याच्याच हाताला हे विचारण्याचा अधिकार होता.

दुपारी कांब जंत्रीच्या भोकांतून ओढून तार काढली. ती दांड्यावर गुंडाळून वळे केले, तोंडे कानशीने जुळविली आणि डाक देण्याची वेळ आली. डाक म्हणजे लवकर वितळणारी मिश्र धातू. जाळ कमी पडला तर ती धावत नाही, अधिक झाला तर डाकेबरोबर अंगठीही वितळून जाते. या दोहोंच्या मधला जो क्षण, तो पुस्तकात सांगता येत नाही. त्या दिवशी आठ-दहा अंगठ्यांचे पुन्हा थेंब झाले. कोणी रडले नाही; सर्वांनी ते पुन्हा मुशीत टाकले. सायंकाळी चिंचेच्या पाण्यात उकळून आणि रिठ्याने घासून उजाळा दिला, तेव्हा प्रत्येकाच्या बोटात वाकडीतिकडी का होईना, स्वतःची अंगठी होती.

कामानंतर गुरुजींनी पाटाखालची धूळ आणि कानशीचा कीस ब्रशाने गोळा करून डबीत भरला. झारेकरी ही धूळ विकत घेऊन तीतून धातू काढतो, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले. आपल्या धंद्यात राखही फुकट जात नाही. फुकट जातो तो माणसाचा हात.

हे शब्द मी विचारपूर्वक उच्चारीत आहे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. असंख्य घरांतील बागेसऱ्या विझल्या. कित्येकांनी धंदा सोडला, काहींनी जीव दिला. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. परंतु मधल्या पिढीने मुलांना ऐरणीपासून दूर ठेवले ते ठेवलेच. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पुढे यंत्रे आली, साच्यातून दागिने निघू लागले. आज मुंबईच्या झवेरी बाजारात ऐरणीपुढे बसलेले पुष्कळ कारागीर बंगालमधून आलेले आहेत. ते कष्टाने व कौशल्याने काम करतात आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. मात्र जो आदर आपण परक्या कारागिराच्या हाताला देतो, तो आपल्या घरच्या हाताला देतो काय?

येथे एक कटु गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्याच समाजात पेढीवर बसणारा श्रेष्ठ आणि ऐरणीवर बसणारा कनिष्ठ, असा एक भेद रुजला आहे. वधूवर मेळाव्यात "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "घडणकाम करतो" असे उत्तर आले की पुढची बोलणी थंडावतात. हे मी पाहिले आहे आणि आपणही पाहिले आहे. तेरला एक पेढीवाले गृहस्थ दुपारपर्यंत कौतुकाने दुरून पाहत होते. मग कोट काढून बसले. त्यांची अंगठी तीन वेळा वितळली. संध्याकाळी ते मला एवढेच म्हणाले, "घडणावळीवरून घासाघीस करताना आता जीभ अडखळेल." एका दिवसाने कारागीर तयार होत नाही, हे मी जाणतो. परंतु कारागिराकडे पाहण्याची दृष्टी एका दिवसात बदलू शकते, हे मी तेथे पाहिले.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, मंडळाची सहल कोठेही निघो, तीत एक दिवस ऐरणीचा असावा. हुपरीस जावे, चांदीचे काम पाहावे. कोल्हापुरास जावे, साज कसा ओवतात ते पाहावे. आणि नुसते न पाहता बसावे. त्या शाळेत मुली मुलांच्या बरोबरीने असाव्यात. आपल्या घरांत स्त्रियांनी मणी ओवले, पटवेकाम केले, हिशेब सांभाळले. बागेसरीपुढे मात्र त्यांना क्वचितच जागा मिळाली. इतर समाजांतील मुले येऊ म्हणतील तर त्यांनाही बसवावे. कुंभाराने संतांची परीक्षा घेतली त्या गावाहून आपण जात विचारण्याचा धडा घेऊन येणे शोभणार नाही.

दुसरी सूचना, शिकविणाऱ्या वृद्ध कारागिरास गुरू म्हणून रीतसर मानधन द्यावे. साहाय्य म्हणून नव्हे. ज्यांना हा धंदा पुढे शिकावयाचा आहे त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेतील अठरा धंद्यांत सोनारकाम आहे आणि तीत विद्यावेतनासह प्रशिक्षणाची तरतूद आहे. तिची माहिती मंडळाच्या कचेरीत ठेवावी.

तिसरी सूचना या स्मरणिकेविषयी. दरवर्षी तिची चार पाने हत्यारांची नावे, कामाच्या पद्धती आणि जुन्या कारागिरांच्या तोंडचे शब्द यांसाठी राखावीत. गुंज, मासा, तोळा ही मापे गेली. ती जाणारच होती. परंतु ताव, डाक, जंत्री हे शब्द गेले तर त्यांच्याबरोबर त्या कृतीही जातील.

सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. आज मी आपले कान टोचले असतील तर ते आपल्यातलाच एक म्हणून, एवढे मनात आणून आपण मला क्षमा कराल अशी आशा आहे. संत नरहरी महाराजांचे स्मरण करून माझे भाषण संपवितो.