सोलापूरचे चौघे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या स्मरणिकेत ‘ज्ञातीतील स्वातंत्र्यसैनिक’ अशी नामावली छापावी, असा कार्यकारिणीचा मनोदय आहे; तिच्या निमित्ताने आम्ही चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. नामावली अवश्य छापावी. परंतु जुलमी सत्तेविरुद्ध लोक उठतात तेव्हा त्याचे मोल कोणाकोणाला द्यावे लागते, ते अशा यादीत मावते काय, हे सोलापूरच्या उदाहरणावरून आपणांपुढे मांडावे असा आमचा मानस आहे.

१९३० साली ५ मे रोजी महात्माजींना अटक झाली आणि गिरण्यांचे ते शहर खवळून उठले. ८ मे रोजी रूपाभवानीच्या बाजूस लोक शिंदीची झाडे तोडावयास गेले. धरपकड झाली, जमाव चालून आला, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण हाती झेंडा घेऊन पुढे सरसावला, तो गोळी लागून पडला. मग संतप्त लोकांनी पोलीस चौकी व कोर्ट पेटविले. दोन पोलीस शिपाई त्यात मारले गेले. ते दोघेही याच मातीचे, पोटासाठी सरकारचा पोशाख अंगावर चढविलेले. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत बसले असेलच. वर्गात हा भाग शिकविताना आम्ही येथे थोडे थांबत असू. अशा वेळी मुले अगदी गप्प होत.

पुढील तीन-चार दिवस सरकारचा अंमल शहरात नावापुरताच उरला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत चालला. नगरपालिकेचे अध्यक्ष माणिकचंद शहा यांना तुरुंग दाखविण्यात आला. डोक्यावरील पांढरी टोपीदेखील लष्कराच्या डोळ्यांत सलू लागली.

पोलिसांच्या मृत्यूबद्दल मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना फाशीची शिक्षा झाली. क्षुब्ध जमावाला आवरण्यासाठी त्या दिवशी धनशेट्टीच पुढे झाले होते, असे सोलापुरात सांगतात. कुर्बान हुसेन ऐन तारुण्यातले. ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत वावरत. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. महात्माजी त्या वेळी येरवड्यातच स्थानबद्ध होते. २६ जानेवारीला त्यांची सुटका झाली आणि ५ मार्चला आयर्विनसाहेबांशी करार झाला. फाशीपासून करारापर्यंत बावन्न दिवस. करारान्वये हिंसेचा आरोप नसलेले राजबंदी तेवढे सुटले. तेव्हा हे चौघे खात्रीने वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या आप्तांनी हे बावन्न दिवस बोटांवर मोजले नसतील काय?

आता ही चार आडनावे पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहा. प्रत्येक समाजाच्या स्मरणिकेने आपापला एक उचलला, तर शेजारचे तिघे कोठे जातील? सोलापुरात चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत, हेच योग्य झाले. त्या १२ जानेवारीला कोणाच्या ज्ञातीची चौकशी कोणी केली नव्हती.

आणखी एक. यादीत येतो तो तुरुंगात गेलेला किंवा मेलेला पुरुष. तो आत असता घरभाडे कोणी भरले, गिरणीतला खाडा कसा भरून निघाला, कोणत्या मुलाची शाळा सुटली, कोणत्या माउलीचे दागिने सावकाराकडे गेले ते परत आलेच नाहीत, हे कोठल्याच दप्तरात नाही. पेन्शनच्या अर्जाला तुरुंगाचा दाखला लागे; उपासमारीचा दाखला कोणता कारकून देणार?

म्हणून आमची सूचना एवढीच आहे. नामावलीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने वाढवावेत: मागे घर कोणी चालविले, आणि बरोबर कोण होते. दुसऱ्या रकान्यात अन्य ज्ञातींची नावे येतील. ती गाळू नयेत. ज्यांच्या माळ्यावर जुनी पत्रे, गहाणखते, तुरुंगातून आलेली कार्डे असतील, त्यांनी त्यांच्या नकला महिनाअखेरपर्यंत चिटणिसांकडे द्याव्यात. मूळ कागद घरीच ठेवावेत. आणि घरात कोणी वयोवृद्ध आजी असतील, तर त्यांना आधी विचारावे.