दोन शाळा, एक पडदा

(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनात एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



'अलीकडे पाहिलेले चित्रपट' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा या व्यासपीठासाठी तो काहीसा हलका वाटला. परंतु गेली एकतीस वर्षे मी चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागात राहतो, आणि तेथे चित्रपट हा हलका विषय मानत नाहीत. शेजारी कोडंबाक्कम, जेथे तमिळ चित्रसृष्टी वाढली. रेल्वेरुळांच्या पलीकडे त्यागरायनगर. आमच्या गल्लीत कॉफीच्या पेल्याबरोबर चित्रपटाविषयीचे मतही पाहुण्याच्या पुढे ठेवले जाते.

या उन्हाळ्यात लागोपाठच्या दोन रविवारी आम्ही घरी दोन चित्रपट पाहिले. प्रेक्षक तीन : मी, माझी मुलगी आणि वरच्या मजल्यावरच्या आजी. आजी तंजावरच्या मराठी कुटुंबातल्या. व्यंकोजीराजांच्या काळापासून जी घराणी कावेरीकाठी स्थिरावली, त्यांपैकी एक.

पहिला चित्रपट २०१८ सालचा, सी. प्रेमकुमार दिग्दर्शित तमिळ '९६'. छायाचित्रकार राम प्रवासात तंजावरला आपल्या जुन्या शाळेपाशी थांबतो. म्हातारा पहारेकरी त्याला ओळखतो, आणि त्या भेटीतून १९९६ च्या वर्गाचे संमेलन जमते. जानू सिंगापूरहून येते. शाळेत असताना रामचे कुटुंब अचानक गाव सोडून गेले होते. बोलायचे ते राहूनच गेले होते. विजय सेतुपती आणि त्रिशा यांनी हे न बोललेपण फार संयमाने सांभाळले आहे. माझे मत विचाराल, तर उत्तरार्ध लांबला आहे आणि शाळा जरा अधिकच गोजिरी झाली आहे. तरीही, फाटकावरच्या त्या प्रसंगी मला आपल्या शाळेची घंटा ऐकू आली, हे कबूल करतो.

दुसरा चित्रपट मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा'. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. काळ आणीबाणीचा, वर्ग नववीचा. येथेही मुकुंदा बोलू शकत नाही, आणि येथेही एक जण गाव सोडून जाते. या वेळी शिरोडकर. मात्र ही शाळा आठवणीतली नव्हे, चालू असलेली आहे. तीत मार आहे, भीती आहे, मोठ्यांचे दडपण आहे. म्हणून मला ती अधिक खरी वाटली. कादंबरीतील मुकुंदाचे स्वतःशी चाललेले बोलणे मात्र पडद्यावर पुरते उतरलेले नाही. ती गंमत भाषेची होती.

आणि याच ठिकाणी माझी परीक्षा झाली. '९६' पाहताना माझ्या मुलीला तळाच्या इंग्रजी ओळींची गरज पडली नाही. 'शाळा' पाहताना तिची नजर त्या ओळींवरून हटेना. ती चेन्नईत जन्मली, इंग्रजी माध्यमात शिकली. तमिळ तिला गल्लीने दिले, इंग्रजी शाळेने दिले. मराठी द्यायचे काम माझे होते. मी, या शाळेचा विद्यार्थी, दमून घरी येत असे आणि सोपे पडेल त्या भाषेत बोलत असे.

आजींचे उलट. मराठी शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. त्यांचे काही शब्द मला नवे, माझे काही त्यांना. तरीही मुकुंदाच्या घरातले संवाद ऐकून त्या माझ्या आधी हसल्या. चित्रपट संपल्यावर त्यांनी आपल्या मराठीत मत दिले, की दोन्ही मुले चांगली, पण दोघांनाही वेळेवर तोंड उघडता आले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तेव्हा बोलले असते तर सिनेमाच झाला नसता." वाक्य मराठीत होते. त्या रात्री आमचा वाद अकरा वाजेपर्यंत चालला. ती अडखळली की आजी शब्द पुरवत होत्या.

तेव्हा मला उमगले, की आजींच्या घरात साडेतीनशे वर्षे मराठी टिकली ती ग्रंथांमुळे नव्हे. भाजी, पाहुणे, शेजारी अशा बिनमहत्त्वाच्या गोष्टींवर त्याच भाषेत मते मांडली गेली म्हणून. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जपलेली आहेत, त्यांचे मोल मोठेच. परंतु हस्तलिखित वाद घालत नाही.

आपल्या शाळेने आम्हांला वाचायला शिकवले आणि 'का आवडले ते सकारण लिहा' असे दरवर्षी विचारले. तो प्रश्न मी उत्तरपत्रिकेतच ठेवून आलो. आज मराठी शाळांचे वर्ग रिकामे होत असल्याबद्दल आपण हळहळतो. त्या हळहळीत माझा वाटा आहे, हे या व्यासपीठावरून सांगणे मला आवश्यक वाटते. पालकांना माझी विनंती एवढीच, की कोणत्याही भाषेतला चित्रपट पाहा, पण जेवताना मुलांना मराठीत विचारा, का आवडला? उत्तर अशुद्ध आले तर लगेच सुधारू नका, आधी ऐका.

आमचा तिसरा रविवार अजून व्हायचा आहे. चित्रपट मुलगी निवडणार आहे. आजींची अट एकच आहे : लांबला, तर मध्येच बोलायची मुभा हवी.