सातबाऱ्यावर नसलेलं नाव

गेल्या महिन्यात आम्ही चौघी माझ्या वडिलांच्या मूळ गावी एका दिवसासाठी जाऊन आलो. देवीची ओटी भरली, भावाकडे जेवलो. मग मैत्रिणींनी सातबारा पाहायला मागितला. त्यावर माझं नाव नाही.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. आणि मी हक्कसोडपत्रावर सही केली २००८ साली! कायदा ठाऊक होता, त्यावर शिबिरंही घेत होते. पण माहेर तुटेल ही भीती मोठी. बदल्यात साडी मिळाली. ती अजून नेसले नाही.

निघताना भावजय एसटीच्या थांब्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "वन्सं, माझ्या माहेरी सह्या अजून व्हायच्यात. काय करू?"