वाणगाव स्टेशन आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. विषय मात्र मी निवडला : आपले वाणगाव स्टेशन. तुम्ही म्हणाल, वरोरला समुद्र आहे, रूळ कुठे आहेत? खरे आहे. पण आपल्यापैकी किती घरांचे घड्याळ वाणगावच्या गाडीवर लावलेले असते, हे पहाटे उठून डबा भरणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

मुंबईची पहिली लोकल विरारहून सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी. तीच लोकल विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत आली १६ एप्रिल २०१३ रोजी. चौसष्ट किलोमीटरांना १४६ वर्षे! बैलगाडीही याहून लवकर पोचली असती. मधल्या काळात आपला आधार म्हणजे शटल आणि पॅसेंजर. मुंबईची लोकल हवी तर विरारला उतरून जिने चढायचे, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन.

या विलंबाचे एक कारण विजेत होते. विरारपर्यंतच्या तारांत १५०० व्होल्टची एका जातीची वीज, तर विरारपुढे २५,००० व्होल्टची दुसऱ्या जातीची. एकीवर चालणारी गाडी दुसरीखाली कशी चालावी? चर्चगेट ते विरार हा बदल २०१२ साली पुरा झाला आणि मग वाट मोकळी झाली. तरी विरारपुढे वर्षानुवर्षे दोनच मार्ग. त्यांवरून गुजरातच्या मेल, मालगाड्या आणि आपली लोकलही. म्हणून ती मध्येच थांबवून ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१६ साली मंजुरी मिळाली.

या गाडीने आपल्याला काय दिले? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. एके काळी दाखल्यासाठी ठाणे गाठावे लागे. आता जिल्ह्याचे ठिकाण वाणगावपासून तिसरे स्टेशन आहे. आपल्या मुली पालघरच्या महाविद्यालयात जातात, बोईसरला नोकरी करतात. महिन्याचा पास हातात आला की मुलीच्या चालण्यातही फरक पडतो, हे मी पाहिले आहे.

पण भगिनींनो, गाडी स्टेशनापर्यंतच आणते. आमच्या आळीतल्या एका मुलीला बोईसरला चांगली नोकरी लागली होती. सहा महिन्यांत आईने ती सोडायला लावली. मी विचारले तर म्हणाली, "बाई, पोर वाणगावला सुखरूप उतरते. पुढचा काळोख कोण सांभाळणार?" त्या माउलीला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. गाडी उशिरा आली की शेवटचे वाहन निघून गेलेले असते, आणि एकटीला रिक्षाचे पूर्ण भाडे रोज परवडत नाही. म्हणजे पंचवीस हजार व्होल्टांनी जे जोडले, ते स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावर तुटते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मंडळात एक वही ठेवावी. कोण कोणत्या गाडीने जाते, कोणत्या गाडीने परतते, हे प्रत्येकीने त्यात लिहावे. एका गाडीच्या चौघी जमल्या की रिक्षा वाटून घेता येते आणि सोबतही होते. महिनाभर गाडी किती वाजता आली, पुढे वाहन मिळाले की नाही, याचीही नोंद करावी. मग त्याच वहीच्या आधारे, सर्वांच्या सह्यांनिशी, संध्याकाळच्या गाड्यांना जोडून बस आणि रस्त्यावर दिवे मागावेत. नुसती तक्रार विसरली जाते. तारीख-वार लिहिलेली नोंद विसरता येत नाही.

शेजारी वाढवणला बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्यावरून आपल्या किनाऱ्यावर तीव्र विरोध आहे. मासळीवर जगणाऱ्या घरांचा तो पोटाचा प्रश्न आहे. तो वाद मी आज येथे उकरीत नाही. एवढेच सांगते, की त्या योजनेत मालाच्या पेट्यांसाठी महामार्गापर्यंत रस्ता आणि रेल्वेचा जोड आखला आहे. पेटीची वाट आखली जाते, तर कामावरून परतणाऱ्या लेकीची का आखू नये? ती मागणी आपण केली नाही, तर आपल्यासाठी दुसरे कोण करील?

वही मी आणली आहे. चहापानानंतर ती दाराशी ठेवते. ज्यांच्या घरचे कोणी गाडीने जात नाही, त्यांनीही नाव लिहावे. स्टेशनापासूनच्या वाटेवर ज्यांचे घर आहे, त्यांच्या ओटीवरचा एक दिवाही पुष्कळ आहे.